उजवीकडे बघायची शिकवणी

पेटीवाला गवयाच्या डाव्या हाताला बसतो, तबलजी उजव्या हाताला. हे कुणी ठरवलं ठाऊक नाही, पण आमच्या कोल्हापुरात बैठक अशीच लागायची. म्हणजे पेटीवाल्याला गवई कायम उजवीकडे. त्याच्या तोंडाकडे बघितल्याशिवाय नीट साथ होत नाही. तान कुठे वळणार, सूर कुठे थांबणार, हे आधी त्याच्या भुवयांवर आणि गळ्याच्या शिरांवर दिसतं, ऐकू मागाहून येतं. मी अठरा वर्षं एकाच बुवांना साथ केली, म्हणजे अठरा वर्षं उजवीकडे बघितलं. दिवसा शाळेत गणित शिकवायचो, तेवढा वेळ काय ती मान समोर असायची, तीही परीक्षा नसेल तर.

मी स्वभावाने संशयी आहे, हे आधीच सांगून टाकतो. उत्तर बरोबर आलं तरी रीत बघितल्याशिवाय मी कधी मार्क दिले नाहीत. दूधवाल्याने आपण होऊन वर थोडं जास्त घातलं, तर आज पाणी जास्त असणार, अशी पाल माझ्या मनात चुकचुकायची. बायको म्हणायची, "तुमच्याशी कुणी चांगलं वागलं की तुम्हाला झोप लागत नाही." बुवांच्या तोंडाकडे मी डोळ्यांत तेल घालून बघायचो, तेही सगळं गाण्यासाठी नव्हतं. माझा एखादा सूर त्यांना खटकला का, दुसऱ्या पेटीवाल्याचं नाव निघाल्यावर चेहरा खुलला का, हेसुद्धा मी टिपत असायचो. बुवा माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठे आणि मनाने सरळ. पण सरळ माणसाचा मला जरा जास्तच संशय यायचा.

सत्तर सालाच्या आसपासचा हिवाळा होता. थोरली मुलगी पहिल्या बाळंतपणासाठी घरी आली होती आणि नातू दीड महिन्याचा झाला होता. एका सकाळी वर्गात फळ्यावरचं गणित दाखवायला वळलो आणि मान वळेना. डावीकडे जायची, पण उजवीकडे चार बोटं गेली की आत काहीतरी घट्ट अडकायचं आणि कळ थेट खांद्यात उतरायची. पुढच्या बाकावरची मुलं हसली. मला हसण्यासारखं त्यात काही नव्हतं, कारण बुवांच्या गुरूंच्या पुण्यतिथीची बैठक दीड महिन्यावर आली होती. ही बैठक दरवर्षी सकाळी, पेठेतल्या एका देवळाच्या सभामंडपात व्हायची आणि गावातले सगळे जाणकार पुढे येऊन बसायचे. उजवीकडे मान वळल्याशिवाय मी तिथे बसू शकत नव्हतो. आणि मी बसलो नसतो तर बसायला माणूस तयार होता. बुवांचा एक शिष्य बँकेत कारकून होता, त्याचा हात माझ्यापेक्षा हलका होता. एकदा गेलेली जागा परत मिळत नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं, कारण मला ती जागा आधीच्या पेटीवाल्याच्या आजारपणातच मिळाली होती.

डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि गळ्याला बांधायला पट्टा दिला. पट्टा बांधून हिंडणं म्हणजे गावभर दवंडी पिटण्यासारखं, म्हणून तो मी ट्रंकेत ठेवला. मग शेजाऱ्यांच्या आग्रहाखातर तालमीत गेलो. तिथले वस्ताद पैलवानांचे निखळलेले खांदे बसवायचे. त्यांनी मला पालथं घातलं, तेल ओतलं आणि कोपराने मान रगडायला घेतली. मी ओरडलो तसे ते खूश झाले.

"दुखतंय न्हवं मास्तर? मग लागू पडतंय बगा!"

आमच्या गावात औषधाची परीक्षा हीच. रगडलं पाहिजे, झोंबलं पाहिजे, निदान डोळ्यांतून पाणी तरी आलं पाहिजे. त्यानंतर दोन दिवस मला मान डावीकडेही वळवता आली नाही.

बाळाला न्हाऊ घालायला आमच्याकडे रोज सकाळी एक बाई यायच्या. मूळच्या गडहिंग्लजकडच्या, साठी ओलांडलेल्या, अंगाने किरकोळ. सगळी पेठ त्यांना आक्का म्हणायची, कारण निम्मी पेठ त्यांच्या पायांवर न्हाली होती. पाटावर बसून त्या पाय लांब करायच्या, बाळाला त्या पायांवर आडवं घ्यायच्या आणि त्याचं डोकं डाव्या तळहातात असं धरायच्या की धरलंय हे बाळालाही कळू नये. त्या दिवशी माजघरात बायको मुलीला सांगत होती, "सारखं शेकतेय, पण आज पुन्हा मान धरलीय."

न्हाणीतून आक्कांचा आवाज आला, "काय सांगताय! आत्ताच धरली? दोन म्हयनं बी व्हायचं हाईत की पोराला!"

बाळ आपलं डोकं आपण सावरायला लागलं की आपण म्हणतो, बाळाने मान धरली, आणि घरभर आनंद होतो. मोठ्या माणसाची मान आखडली तरी म्हणतो, मान धरली. आक्कांनी आपल्या धंद्यातला अर्थ घेतला होता.

"बाळाने नाही हो," बायको हसत म्हणाली. "ह्यांनी धरलीय."

"मग ह्यास्नी आना की हिकडं. न धरलेल्या माना हातात घ्यायचंच माझं काम हाय. धरलेली सोडवाय काय लागतंय?"

मला त्याचा रागच आला. पन्नाशीला आलेल्या माणसाने न्हाऊ घालणाऱ्या बाईपुढे मान द्यायची, हे शाळेत कळलं असतं तर मुलांनी मला सुखाने शिकवू दिलं नसतं. शिवाय या बाईला माझ्या मानेत एवढा रस का, हेही कळेना. पण वस्तादांच्या मालिशीनंतर मला कुशीवर वळणंही जड झालं होतं. तिसऱ्या दिवशी मी कबूल झालो, आणि ती शिकवणी सुरू झाली. माझ्या दोन अटी होत्या. बायकोने शेजारी बसून राहायचं आणि ही गोष्ट घराबाहेर जाता कामा नये.

माजघरात चटई टाकली. बायको तांदूळ निवडत बसली. मी उताणा झोपलो आणि आक्का माझ्या डोक्याशी मांडी घालून बसल्या. तेल नाही, बाम नाही. नुकतंच बाळाला न्हाऊ घातलेलं असल्यामुळे त्यांचे हात ऊबदार आणि जरा दमट होते. ते दोन्ही तळवे त्यांनी माझ्या डोक्याखाली सरकवले आणि गप्प बसल्या. मी कळ यायची वाट बघत दात आवळले. कळ आली नाही. काहीच झालं नाही. मी एक डोळा उघडा ठेवला होता, त्यात मला फक्त त्यांची हनुवटी आणि तुळई दिसत होती.

"सोडा," त्या म्हणाल्या.

"सोडलीय," मी म्हणालो.

त्यांनी तळवे दोन बोटं खाली घेतले.

"बगा वैनी. माजा हात खाली गेला, मास्तरांचं डोस्कं वरच हाय. कुणी धरलंय त्ये?"

बायको सूप ठेवून वाकली. "अगं बाई, खरंच की हो! अधांतरीच आहे."

माझं डोकं चटईपासून चार बोटं वर, कुणाच्या आधाराशिवाय तरंगत होतं आणि मला त्याचा पत्ता नव्हता. मी स्वतः ते धरून ठेवलं होतं. मी सोडलंय अशी माझी खात्री होती, आणि माझ्या खात्रीचं गणित असं उघड उघड चुकलेलं मी पहिल्यांदाच बघत होतो. मला ओशाळल्यासारखं झालं आणि मग त्या बाईचाच राग आला.

"बाळ असं करत न्हाई," आक्का म्हणाल्या. "हात काडून घेत्यात, ह्ये त्येला ठावंच नसतंय."

पुन्हा तळवे डोक्याखाली आले. आता त्या माझं डोकं केसभर उजवीकडे, केसभर डावीकडे झुलवत होत्या, इतकं हळू की झुलतंय की भास होतोय, समजू नये. आणि त्याबरोबर ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटत होत्या. मी कान टवकारले. मराठी नव्हतं. मी ताडकन उठून बसलो आणि बायकोला बाजूला घेऊन म्हणालो, "ही मंत्र घालतेय. माझ्या घरात हे असलं चालणार नाही."

बायकोचं माहेरही गडहिंग्लजच. ती आधी हसली, मग तोंडाला पदर लावून हसली. "ओंदु, एरडु, मूरु म्हणतायत त्या. एक, दोन, तीन. कानडीत आकडे मोजतायत! गणिताचे मास्तर ना तुम्ही?"

बाळाच्या डोक्यावरून किती तांबे पाणी घातलं, हे आक्का अशाच मोजायच्या आणि तीच सवय माझ्या डोक्यालाही लागू झाली होती. मी पुन्हा जाऊन झोपलो. पण मोजतात ते कशाला, हा प्रश्न मला पुढे दोन दिवस पुरला.

रोज सकाळी शाळेआधी पाव तास असं चाललं. मी विश्वास ठेवून काही घेत नव्हतो. शाळेतला फळ्यावर वापरायचा मोठा लाकडी कोनमापक घरी आणला आणि बायकोला तो माझ्या डोक्यावर आडवा धरायला लावून मान उजवीकडे किती जाते हे मोजलं. पहिल्या दिवशी वीस अंश. आठव्या दिवशी बावीस. दोन अंश तर बायकोचा हात हलल्यानेही वाढतात, असं मी म्हणालो. दुखतही नव्हतं, मग बरं कसं होणार? मला तर ती बाई नुसती डोकं धरून बसते आणि आपण तिला घरातलं सगळं ऐकवतो, असं वाटायला लागलं.

त्याच सुमारास मुलीला दूध कमी पडायला लागलं. बाळ रडायचं आणि तीसुद्धा रडायची. आक्कांनी तिला भिंतीला टेकवून बसवलं आणि बाळ दुसऱ्या खोलीत पाठवून दिलं. "डोळं मीट. आता त्यो तुज्या कुशीत हाय. त्येचं नाक तुज्या अंगाला लागतंय बग. थंडगार हाय का न्हाई?" बायकोने मला नंतर सांगितलं की थोड्या वेळाने मुलीचं पोलकं भिजलं होतं. बाळ तिथे नव्हतंच. हे मात्र मला खोटं म्हणता येईना, कारण यात कुणाचा हात हलण्याचा प्रश्न नव्हता.

दुसऱ्या दिवशी आक्कांनी माझ्यावर तोच प्रयोग सुरू केला.

"आता मान हलवू नगा. नुस्तं मनात वळा. उसाला पाणी सोडलंय. पाट असा सरळ आलाय, तुमी दारं मोडलं, पाणी आपसूक उजव्या सरीत वळलं. दिसतंय?"

मी पेठेत वाढलेला माणूस. "सरीची रुंदी किती?" मी विचारलं.

"रुंदी!" त्या वैतागल्या. "ऱ्हाऊ दे त्यो ऊस. उजव्या अंगाला कोन असतंय तुमच्या, त्ये सांगा. डोळं मिटून बगा."

"बुवा."

"काय करत्यात?"

"गातात."

"आन तुमी?"

मी खरं सांगितलं. डोळे मिटले की माणूस जरा खरं बोलतो. म्हणालो, "ते नाराज आहेत का, बघतोय."

आक्कांचे तळवे माझ्या डोक्याखाली होते. त्या म्हणाल्या, "मान बगा कशी दगड झाली. अजून वळला बी न्हाईसा, नुस्तं नाव घेतलं. तुमी त्यास्नी बघत न्हाईसा मास्तर, राखण करतायसा."

मला ते लागलं.

"उटवा बुवास्नी तिथनं," त्या म्हणाल्या. "वाकळ टाका. पोराला ठेवा तिथं. न्हाऊन आलंय, धुरी दिल्या, झोपेत हसतंय. हलू नगा. नुस्तं मनानं बगा."

मी मनात वाकळ टाकली. नातवाला ठेवलं. त्याच्या कपाळावरची काजळाची तीट उजव्या बाजूला जरा फिसकटली होती, ती दिसावी म्हणून मी मनातल्या मनात वळलो. किती वेळ गेला कोण जाणे. मग आक्का म्हणाल्या, "डोळं उगडा." माझ्या नाकासमोर तुळई नव्हती, उजवीकडची भिंत होती. भिंतीवरच्या कॅलेंडरातली तारीख वाचता येत होती. मी मान वळवली नव्हती, आणि ती वळली होती. त्या बाईने ढकलली म्हणावं, तर तिचे हात कधीच तिच्या मांडीवर जाऊन बसले होते. बायकोने कोनमापक धरला तेव्हा चाळीसच्या पुढे आकडा गेला. मला आनंद झाला, खूप झाला. पण मी एवढंच म्हणालो, "उद्या राहतंय का बघू."

राहिलं. थोडं मागे गेलं, पण राहिलं. आणि असं सगळं सुरळीत चालू असताना एक दिवस आक्का उशिरा आल्या. "बुवांच्या घरला येळ झाला," त्या पदराने हात पुसत म्हणाल्या. "त्यांच्या सुनंचं बी पोरगं तान्हं हाय न्हवं का."

"म्हणजे तुम्ही रोज बुवांकडेही जाता?"

"जातो की. आधी त्यांचं, मग तुमचं."

"माझ्या मानेबद्दल तिथे काही बोललात?"

"इच्यारलं बुवांनी. सांगिटलं. डाव्या अंगाला वळत्या, उजव्या अंगाला वळत न्हाई. त्यात काय लपवायचं? पाप केलंय व्हय तुमी?"

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. घराबाहेर जाता कामा नये, ही माझी अट होती, आणि ही गोष्ट नेमकी ज्या घरात जायला नको त्याच घरात गेली होती. मी तोंडाला येईल ते बोललो. घरोघरच्या गोष्टी वाहून नेणारी बाई, असंही म्हणालो. उद्यापासून फक्त बाळाला न्हाऊ घाला, माझ्या मानेला हात लावायचा नाही, असं सांगून मी शाळेत गेलो. दुसऱ्या दिवशी आक्का आल्या, बाळाला न्हाऊ घातलं आणि गेल्या. मी त्यांची माफी मागितली नाही.

बैठक तीन आठवड्यांवर होती. आता जे करायचं ते एकट्याने. संध्याकाळी शाळेतून आलो की पेटी काढायची, उजव्या अंगाला वाकळ पसरायची आणि खरोखरच नातवाला तिथे ठेवायचं. मी वाजवायचो आणि त्याच्याकडे बघायचो. तो झोपेत ओठ हलवायचा, मूठ उघडायचा, पुन्हा मिटायचा. त्याच्या तोंडावर माझ्याबद्दल काय लिहिलंय, हे मला शोधावं लागत नव्हतं. कधी मुलगी त्याला उचलून न्यायची, तर रिकाम्या वाकळीवर मी त्याला मनाने बघायचो. आठवड्याभरात मान खांद्यापर्यंत जायला लागली. कळ नाही, अडकणं नाही. मला वाटतं, माझं पेटी वाजवणंही त्या दिवसांत जरा मऊ झालं होतं.

आता कुणीही शहाणा माणूस बुवांकडे जाऊन सांगेल की मी बरा झालो. मी काय केलं? लपवलं. आक्का आल्या की मुद्दाम मान ताठ करून बसायचो. कुणी उजवीकडून हाक मारली की अख्ख्या अंगाने वळायचो. बायकोला तंबी दिली. त्याला माझं कारण होतं. बुवांनी निरोप पाठवला होता, "घरात बाळंतपण आहे, मास्तरांनी विश्रांती घ्यावी, रियाजाला यायची तसदी घेऊ नये." अठरा वर्षांत असा निरोप कधी आला नव्हता. दोन दिवसांनी मी सहज म्हणून त्यांच्या घराखालून गेलो, तर वरून पेटी ऐकू आली. बँकेतल्या शिष्याचा हात मी झोपेतही ओळखला असता. महाद्वार रोडला आमचे तबलजी भेटले, तर माझ्याशी बोलताना त्यांची नजर भाजीच्या पिशवीवर. "बैठकीला या म्हणजे कळंल, मास्तर," एवढं म्हणून ते सटकले. माझं गणित सुटलं. बुवांना मला काढायचं होतं आणि मानेचं निमित्त मिळालं होतं. ते निमित्त मी ऐन वेळी, सगळ्यांसमोर काढून घेणार होतो.

बैठकीच्या सकाळी मी इस्त्रीचा नेहरू शर्ट घालून, पेटी सायकलच्या कॅरियरला बांधून देवळात गेलो. सभामंडपात सतरंज्या पडल्या होत्या, गुरूंच्या तसबिरीला हार होता, तंबोरे लागत होते. पुढच्या रांगेत नेहमीची मंडळी होती. बँकेतला शिष्य तंबोऱ्यावर होता. म्हणजे पेटीवर मीच होतो. क्षणभर हायसं वाटलं. मग मी बैठकीकडे बघितलं. बुवांच्या डाव्या हाताला तबला ठेवलेला होता. माझी बसकर उजव्या हाताला घातली होती.

माझ्या जागेवर तबला. गावासमोर मला माझ्या जागेवरून उठवलं, असंच मला वाटलं, दुसरं काही सुचलं नाही.

"माझी जागा कुठाय?" मी उभ्यानेच विचारलं.

"या मास्तर," बुवा म्हणाले. "आज जरा इकडं बसा. माझ्या मनात आहे तसं."

"अठरा वर्षं मी डाव्या हाताला बसलोय. तिथे बसायचं नसेल तर मी पेटी घेऊन घरी जातो."

मी हळू बोललो नव्हतो. पुढची रांग माझ्याकडे बघायला लागली. तबलजी काहीतरी बोलायला गेले, बुवांनी हाताने त्यांना थांबवलं. माझ्याकडे एकदा बघितलं. मग तबला उजव्या हाताला घ्यायला सांगितला, स्वतः वाकून माझी बसकर उचलली, डाव्या हाताला आणून घातली आणि म्हणाले, "बसा."

मी बसलो. मला जिंकल्यासारखं वाटत होतं, ते नाकारून उपयोग नाही.

बुवांनी तोडी सुरू केली. मी उजवीकडे बघायला गेलो, मान जेमतेम वळली असेल, तोच मला दिसलं की बुवा माझ्याकडेच वळून गातायत. एरवी ते समोर, किंचित वर बघून गायचे. त्या दिवशी कमरेपासून पिळून, डावा खांदा मागे टाकून, जवळजवळ माझ्याकडे तोंड करून बसले होते. मी लगेच सावध झालो. म्हणजे आता हे माझी चूक पकडणार. मी पट्टीन् पट्टी जपून वाजवली. तबला त्यांच्या पाठीशी गेला होता. एका आवर्तनात ते समेवर एक मात्रा आधी आले. मी बुवांना अठरा वर्षांत असं चुकलेलं पाहिलं नव्हतं. ते हसले, हाताने माफी मागितल्यासारखं केलं आणि पुढे गेले. माझ्या मनात आलं, म्हातारे झाले. आणि लाज वाटण्यासारखी गोष्ट म्हणजे, मला त्यात थोडं सुख झालं.

ख्याल संपल्यावर चहा आला. मी कपबशी घेऊन देवळाच्या ओवरीत उभा होतो. तबलजी जवळ आले. या वेळी ते पिशवीकडे बघत नव्हते, माझ्याकडे बघत होते.

"मास्तर, तुमास्नी काय वाटलं, तुमाला हलवलं?" ते म्हणाले. "तुमची मान उजवीकडं वळत न्हाई म्हणून बुवांनी बैठकच उलटी करायची ठरवली हुती. उजव्या हाताला तुमी, म्हंजे तुमास्नी डावीकडं बघून वाजवता येतंय. सारा जल्म उजव्या कानानं तबला ऐकलाय त्यांनी. डाव्या कानाला सवय लागावी म्हणून तीन आठवडं रोज बसलो आमी. तुमच्या जागी त्या बँकवाल्याला पेटी घेऊन बसवत हुते."

"मग मला सांगायचं होतंत," मी म्हणालो.

"मीबी तेच म्हटलं. तर म्हणाले, मास्तरांना कुणी दया केलेली खपत नाही, आपण काहीतरी लहर आल्यासारखं करू." तबलजींनी कप ओट्यावर ठेवला. "आन आता बघा की. साठीचं माणूस सगळा ख्याल पिळून बसून गायलंय. का? तर मास्तरांना मान न वळवता तोंड दिसावं."

मी चहा तसाच टाकला. आत गेलो तेव्हा बुवा आपल्या जागी आधीच येऊन बसले होते, पुन्हा तसेच, कमरेपासून माझ्याकडे वळून. एका हाताने स्वतःची मान चोळत होते. तंबोरे सुरू झाले होते. मी बसलो, पेटीचा भाता उघडला आणि मान उजवीकडे वळवली, हनुवटी खांद्याला टेकेपर्यंत.

"बुवा, सरळ बसा," मी म्हणालो. "मला दिसतंय."

त्यांनी माझ्या मानेकडे बघितलं. आधी त्यांचा चेहरा खुलला, अगदी घरच्यासारखा. मग त्यांनी हळू आवाजात विचारलं, "कधीपासनं?"

"झाले पंधरा दिवस."

"मग सांगितलं का नाहीत?"

ते रागावले नव्हते, त्यांना खरंच कळत नव्हतं. समोर माणसं थांबली होती. मी पेटीच्या पट्ट्यांकडे बघत राहिलो. बुवा सावकाश समोर वळले आणि त्यांनी सूर लावला. माझी मान मोकळी होती, पण उरलेला दीड तास मला त्यांच्या तोंडाकडे बघवलं नाही.